तेविसांपैकी बाविसावे

ती. विनीताई,

धाकट्या थॅडचा ओहायोहून वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि रॉईसभाऊजींचा गुडघा सुधारत असेल असं धरून चालतो. गुडघ्यामुळे त्यांना मॅचला जाता येईना, म्हणून त्यांचं तिकीट आणि तुमच्या विद्यापीठाचं लाल जाकीट तू मला दिलंस. पुढे काय घडलं ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

निवृत्त गणित मास्तरला रिकामा वेळ मिळू नये. मी तीन महिने बसून कॉलेज सॉकरच्या तेवीस कॉन्फरन्सची (म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांची) ताकद मोजली: कोण बाहेरच्या कोणाला हरवतं, आणि त्या हरलेल्यांनी आधी कोणाला हरवलं होतं. तुमची पहिली आली, आमची बाविसावी. (तेविसावीतलं एक कॉलेज भर हंगामात बंद पडलं, म्हणून आम्ही वाचलो.) हे मी हौसेनं गावच्या साप्ताहिकात छापलं. आमच्या कॉलेजच्या कोचनी कात्रण खेळाडूंच्या खोलीत भिंतीवर चिकटवलं, आणि खानावळीतली ल्यूएला मला गार कॉफी देऊ लागली. वर म्हणते कशी, "तुमच्या आकड्यांत गरम असेल!"

आणि नेमका स्पर्धेत आमच्या ब्रॅकन कॉलेजचा सामना पडला तुमच्या विद्यापीठाशी. मी भाऊजींच्या जागेवर, लाल जाकिटात, मांडीवर वही घेऊन बसलो. ताई, तुमची पोरं खेळतात की उडतात गं? तासाभरात आमच्या गोलवर सतरा फटके! आणि सतराही अडवले आमच्या अ‍ॅन्सल प्रुइटनं. हा पोरगा एरवी गाईंच्या डॉक्टरकीचा अभ्यास करतो. करंगळी मोडली तर शेजारच्या बोटाला बांधून पुन्हा उभा राहिला. जादा वेळ धरून एकशेदहा मिनिटं शून्य-शून्य. मग पेनल्ट्या. शेवटची त्यानं त्याच हातानं बाहेर ढकलली, आणि मी बाकावर चढून इतका ओरडलो, की भाऊजींच्या शेजारी गेली वीस वर्षं बसणारे लोक जाकिटाकडे बघतच राहिले. पण मग तेही उठले. चार हजार माणसं, स्वतः हरलेली, उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी असं कधी पाहिलं नव्हतं. वही कुठे पडली कोण जाणे.

बाहेर अ‍ॅन्सलला गाठून म्हटलं, "चुकलो रे बाबा."

तो हसला. "नाही सर, गणित बरोबर होतं तुमचं. भारीच आहेत ते. म्हणून तर मजा आली!"



तुझा,
थॅड

ता. क. भाऊजींच्या शेजाऱ्यांना मी भाऊजींचा सख्खा भाऊ असल्याचं सांगितलंय.

ता. क. २. निकाल धरून पुन्हा हिशोब केला. अजूनही बाविसावेच.

ता. क. ३. पुढची फेरी शनिवारी तुमच्याच गावात आहे आणि हॉटेलं भरली आहेत. आम्ही एकोणीसजण आहोत, शिवाय एक ढोल. जमिनीवर झोपू. ल्यूएला म्हणाली, तुला आधी विचारायला हवं. तर विचारतोय. बस शुक्रवारी सकाळी निघते.