नळदुर्ग गेल्यावर बोलू

२२ एप्रिल, सोमवार

देवयानीला हैदराबादला नोकरी लागली. २० मेला हजर व्हायचं. तिला मी स्वतः गाडीने सोडणार, हे रात्री जेवताना जाहीर केलं. प्रभा म्हणाली, रेल्वे आहे, बस आहे. देवयानी काहीच म्हणाली नाही. म्हणजे होकार.

सोलापूर ते हैदराबाद सहा तास. चालत्या गाडीतून पोरीला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पुण्याच्या अॅडमिशनपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गॅस आला. पेपर कुठाय. झालं असं की तिचा फॉर्म सहीसाठी माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला आणि तारीख उलटली. विसरलो. माणूस विसरतो. आता सहा तासांत सगळं मोकळं करून टाकायचं. नळदुर्ग गेल्यावर विषय काढायचा, त्याआधी ट्रकची गर्दी असते.

किरकोळ अडचण एकच. गाडी मध्येच बंद पडते.

२३ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३

लक्षणं शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहून काढली. सकाळी गाडी उत्तम. अर्धा तास चालून इंजिन तापलं की झटक्यात बंद. मग स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पाऊण तासाने गार झाली की आपली आपण सुरू. बाहेर त्रेचाळीस डिग्री.

एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. २००७ सालची साधी पेट्रोल गाडी मला काय शिकवणार? मेकॅनिककडे जायचं नाही. निश्चय.

२६ एप्रिल, शुक्रवार

पेट्रोल फिल्टर बदलला. फरक नाही. पण फिल्टर तसाही बदलायचाच होता.

ऑनलाइन मागवलेला स्कॅनर आला. गाडीला जोडायचा, मोबाईलवर दोष वाचायचा. विजापूर रोडवर गाडी बंद पडलेली असतानाच जोडला. उत्तर आलं, दोष आढळला नाही. समाधान वाटलं. नंतर रिक्षाने घरी आलो.

२८ एप्रिल, रविवार

सात रस्त्याला भर चौकात बंद. मागे हॉर्न. नेमका पंचाक्षरी मोटारसायकलवरून आला. आमच्या घराजवळ त्याचं गॅरेज आहे. गाडी कडेला ढकलू लागला, लक्षणं ऐकली आणि बॉनेट न उघडताच म्हणतो कसा, क्रँक सेन्सर हाय की सर हे. इंजिन फिरतंय का न्हाय ते काँप्युटरला सांगणारा. तापला की मरतंय. द्या, उद्या बदलून देतो.

बघू म्हणालो. याला अकरावीला फिजिक्समध्ये मीच नापास केला होता. तेहतीस पडले होते. दोन गुण वाढवता आले असते, वाढवले नाहीत. ज्याला ओहमचा नियम आला नाही त्याचं निदान मी ऐकायचं? गाडी न तपासता? त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, हे मात्र नोंदवतो.

३० एप्रिल, मंगळवार

शोध लागला! वडील घाटात गाडी तापली की ओलं फडकं टाकायचे. आज गाडी बंद पडताच घरचा टॉवेल भिजवून इंजिनच्या खालच्या बाजूला दाबून ठेवला. दहा मिनिटांत सुरू. दोष गाडीत नाही, सोलापूरच्या हवेत आहे.

लगेच नवी पेठेतून अर्धा डझन टॉवेल आणले, चांगले जाड, इथलेच. दुकानदाराने विचारलं, आहेराला का? हो म्हणालो. टोप्याही दाखवू लागला. घ्याव्या लागल्या.

२ मे, गुरुवार

टॉवेल योजनेत त्रुटी. हैदराबादपर्यंत दर अर्ध्या तासाला थांबायचं म्हटलं तर बारा थांबे आणि दोन घागरी पाणी. शिवाय टॉवेलने बोलण्याची लय बिघडेल.

तीन दिवस व्हिडिओ पाहिले. स्वतंत्र अभ्यासाअंती निष्कर्ष: क्रँक सेन्सर. पंचाक्षरीचं आणि माझं मत जुळलं हा योगायोग. त्याचा अंदाज, माझा अभ्यास. सेन्सर ऑनलाइन मागवला. ओरिजिनलसारखाच आहे असं त्यावर लिहिलंय. स्वतः बसवणार. देवयानीने ते पाहावं अशी इच्छा आहे. लहानपणी पाना हातात घेऊन शेजारी बसायची.

५ मे, रविवार

उद्यापासून इलेक्शन ड्युटी, माळशिरस. पार्सल अजून नाही. गाडीला कुणी हात लावायचा नाही असं घरात बजावलं. किल्ली खिळ्याला लावून ठेवली.

८ मे, बुधवार

पहाटे परत आलो. दोन रात्री शाळेच्या बाकावर झोपून कंबर गेली.

दुपारी गाडी काढली. चव्वेचाळीस डिग्री. होटगी रोडला दीड तास फिरवली. बंद पडली नाही! मुद्दाम उन्हात उभी करून एसी लावला. तरी नाही. दोन दिवसांच्या विश्रांतीचा आणि टॉवेलचा एकत्रित परिणाम असावा. धातूलाही आराम लागतो, हे मी वर्गात नेहमी सांगतो. घरी येऊन समजावून सांगितलं. प्रभा देवयानीकडे बघत होती. देवयानी मोबाईलमध्ये बघत होती. कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही.

११ मे, शनिवार

मोहोळपर्यंत जाऊन आलो. लोण्यासारखी चालली.

देवयानीने आपणहून विचारलं, पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं? सकाळी सहा म्हणालो. बरं, म्हणाली, आणि आईला सांगितलं की पुढच्या सीटवर मी बसणार. प्रभा खोली लावून द्यायला येतेय, तिला मागे गाठोड्यांत बसवायचं.

बोलायचे मुद्दे काढले. सात निघाले. तिचं भलं, माझी तब्येत, पुण्यातली घरभाडी वगैरे. वाचून पाहिले. सगळे खोडले, एक राहिला. फॉर्म विसरलो नव्हतो. महिनाभर रोज ड्रॉवर उघडून बघत होतो आणि बंद करत होतो. पोर गेली की या घरात मी कुणाशी बोलणार, एवढंच डोक्यात होतं. मग ती घरातच राहिली आणि बोलायची थांबली.

हे तिला सांगायचं. नळदुर्ग गेल्यावर.

१५ मे, बुधवार

पार्सल आलं. सेन्सर हलका आहे. आधुनिक तंत्रज्ञान.

प्रभा म्हणते, चालत्या गाडीला कशाला हात लावता. तिला प्रतिबंधक देखभाल ही कल्पना समजावून सांगितली. ती कणीक मळायला गेली.

१६ मे, गुरुवार

कामगिरी फत्ते. सकाळी सात ते साडेअकरा. पंचाक्षरी अर्ध्या तासात करतो म्हणे. घाईचं काम.

जुना सेन्सर काढला आणि थक्क झालो. सतरा वर्षं तेलात आणि धुळीत, तरी नव्यासारखा चमकत होता. बोल्ट तर हाताने फिरला. त्या काळचा मालच वेगळा. असं आता मिळत नाही.

काम चालू असताना देवयानी बाहेर आली. काय काढताय, विचारलं. सेन्सर म्हणालो. म्हणाली, बाबा, चालतीये ना गाडी, राहू द्या तो. मी म्हणालो, अगं हा सदोष आहे. ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, खरंच नका बदलू, प्लीज. माझ्या कंबरेची काळजी वाटत असणार. सलग तीन वाक्यं म्हणजे दोन वर्षांतला उच्चांक. गाडीखाली डोळे भरून आले, हात ऑइलचे, पुसता येईनात. ती थोडा वेळ थांबून आत गेली. पाना मागावा असं मनात होतं, राहिलं.

दुपारी भंगारवाला आला. रद्दीबरोबर जुना सेन्सरही दिला. सदोष वस्तू घरात नको.

१७ मे, शुक्रवार

नवी पेठेपर्यंत चाचणी. जाऊन-येऊन वीस मिनिटं, उत्तम. लांबची चाचणी अनावश्यक, नवाच आहे. टॉवेल काढून कपाटात ठेवले. आत्मविश्वास.

उद्या सहा वाजता.

१८ मे, शनिवार, सकाळी ९.१०, बोरामणीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला

सहाला निघालो. देवयानी पुढे. हवा गार. तिने काच खाली केली, केस सारखे केले आणि म्हणाली, बाबा, उमरग्याला चहाला थांबू या का, दोघं. बघू, म्हणालो. आत्ताच बोलायला लागलो तर नळदुर्गनंतर काय बोलणार, असं वाटलं. ती मग बाहेर बघत बसली.

साडेसहाच्या सुमारास बोरामणी गेलं आणि गाडी झटक्यात बंद. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. स्कॅनर जोडला. दोष आढळला नाही. प्रभाची ओढणी भिजवून दाबली. एक तास थांबलो. गार झाली तरी सुरू होईना. आधी निदान गार झाली की व्हायची.

मी वेगवेगळ्या शक्यता समजावून सांगत होतो. देवयानीने कितीदा तरी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पंचाक्षरीला फोन लावला. त्याचा नंबर तिच्याकडे कसा, हे तेव्हा सुचलं नाही. तो दुधनीला होता, यायला दोन तास म्हणाला. मग उमरग्याची एसटी आली. प्रभाने हात केला. कंडक्टर घाई करत होता. दोन बॅगा, एक गाठोडं, कुकर घेऊन प्रभा आधी चढली. देवयानी पाया पडायला वाकली तेवढ्यात एसटी हलली. पळत जाऊन चढली.

नळदुर्ग इथून वीस-पंचवीस किलोमीटर.

१८ मे, शनिवार, सायंकाळी ७

पंचाक्षरी साडेनऊला आला. गाडीखाली गेला आणि सेन्सर हातात घेऊन बाहेर आला. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, सर, मी बसवलो होतो तो कुटं गेला?

तू कधी बसवलास, म्हणालो.

तर म्हणाला, सहा तारखेला की. तुमी माळशिरसला गेल्ता बघा. ताईच गाडी घेऊन आल्त्या. जुना तर काळाठिक्कर पडला होता, कंपनीचा नवा घातलो. पैशे ताईंनीच दिले. लई बजावून गेल्या, सरांना कळू देऊ नका, त्यांनीच नीट केली असं वाटू दे त्यास्नी. मी म्हणलो, रेल्वेनं बरं पडतंय की ताई. तर म्हणल्या, नगं, मला बाबांबरोबरच जायचंय. लई दिवस झाले बोलून.

एवढं सांगून त्याने पुन्हा विचारलं, तो सेन्सर कुटाय?

भंगारात दिला, म्हणालो.

तो पिशवीत तोंड घालून पाना शोधत राहिला, पाना हातातच होता. मग शेजारच्या गावातून कुणाच्या तरी जुन्या गाडीचा सेन्सर काढून आणला आणि घातला. पंधरा मिनिटं. अकराला गाडी सुरू. आता हैदराबादपर्यंत बिनधास्त जावा सर, म्हणाला. गाडी वळवून घरी आलो.

दिवसभर घरात बसून एकच वाक्य पाठ केलं. तीन शब्दांचं. फॉर्म विसरलो नव्हतो. विषय आपल्याच हातात, फोन आपलाच.

साडेसहाला तिचाच आला. पोचलो म्हणाली, एसटी बदलून बदलून, पाय सुजले. जेवलात का, विचारलं. हो म्हणालो, जेवलो नव्हतो. मग तिने विचारलं, गाडीचं काय झालं होतं, बाबा?

ती वाट बघत होती. मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, काही नाही गं, वायर लूज होती. केली मी नीट.

बरं, म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.