भिंतीपलीकडची भाकर

प्रिय आई,

तुमचा फोटो आलाय. सोनेरी चौकटीत, काच घालून. महिला मंडळाच्या सुलोचनाबाई काल संध्याकाळी स्वतः घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कुसुम, वर्ष होईल ना गं आईंना जाऊन? बाळांच्या खोलीत लावायचाय. खाली दोन ओळी तू लिहून दे, पेंटर काढेल. पण गोड लिही हं!"

गोड! मॅट्रिकला मराठीत मला बरे मार्क होते, पण गोड लिहायला काही शिकवलं नव्हतं. म्हणून त्या दोन ओळी बाजूला ठेवल्या आणि तुम्हालाच लिहायला बसले. मागच्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवरच लिहितेय. तुम्हाला चालेल. तुम्ही तर जुन्या पाकिटांची पोटं फाडून त्यावर वाण्याची यादी लिहायचात.

फोटोत तुम्ही हसताय. तेच हसू. आई, रागावू नका, पण त्या हसण्यानेच वाट लावली सगळी.

देवळामागची ती पत्र्याची खोली आठवते ना? आठवते ना काय विचारतेय मी! रविवारी उपासनेला बसलेल्या आयांची पोरं सांभाळायची ती खोली. चटई, दोन झोळ्या, सुतळीवर वाळणारे लंगोट आणि मधोमध तुम्ही, मांडीवर एक आणि पाठीवर एक. मुलुंडला आपली ख्रिस्ती मंडळी सुरू झाली तेव्हापासून ती खोली तुमची. दर वर्षीच्या सभेत ठराव व्हायचा की बायकांनी पाळी लावून घ्यावी. ठराव व्हायचा, चहा व्हायचा, सगळ्या घरी जायच्या.

कारणं तरी काय एकेकीची! एकीची साडी नवी. एकीला दुधाच्या ओकारीचा वास सोसत नाही. आणि सुलोचनाबाई? "आईंच्या हातात जादू आहे, आमच्याकडे पोरं रडतात." पोरं रडतात म्हणे! पोरं रडणार नाहीत तर काय गायनमंडळात उभी राहतील?

बाकीच्या रविवारचं मी एक वेळ सोडून देते. उपदेश चुकला तर चुकला. कमिटीने तुमच्या खोलीत स्पीकर बसवला होता, तुम्हाला उपदेश ऐकू यावा म्हणून. पहिल्याच रविवारी पाळकसाहेब जोरात बोलले आणि सगळी पोरं एकदम दचकून उठली. तुम्ही त्या स्पीकरच्या तोंडात लंगोट कोंबलात! तुमच्या तोंडून मंडळीविरुद्ध एक शब्द निघाला नाही, पण तो लंगोट मी कधी विसरणार नाही.

पण महिन्याचा पहिला रविवार? प्रभुभोजनाचा? त्या दिवशी खोली सगळ्यात भरलेली, कारण त्या दिवशी प्रत्येकीला आत बसायचं असतं. भाकर मोडली जायची, पेला फिरायचा, गायन व्हायचं. आणि भिंतीच्या अलीकडे तुम्ही एखाद्याचं नाक पुसत. "कुणी येतं का गं थोडा वेळ?" असं तुम्ही दारात उभं राहून विचारायचात. कुणी यायचं नाही. मग तुम्ही हसायचात आणि आत जायचात.

आपल्या मंडळीत आजाऱ्याला भाकर घरी पोचते. घाटकोपरला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना, पाळकसाहेब धापा टाकत ती छोटी पेटी घेऊन चढलेले मी पाहिलेत. मग एका भिंतीपलीकडे का नाही पोचली? एवढ्या वर्षांत एकालाही सुचलं नाही? सगळे पंच, सगळे डीकन, शास्त्र पाठ असलेले! आणि गायनमंडळात खर्जात गाणारे तुमचे चिरंजीव, माझे यजमान, तेही त्यांतच.

शेवटी तुम्ही खाटेला खिळलात आणि मग भाकर आली. रविवारी दुपारी, उपासना आटोपून, पेटी घेऊन पाळकसाहेब आणि मागे अर्धी कमिटी. चपलांनी दार भरलं. तुम्ही डोळे उघडून पहिलं काय विचारलंत?

"बाळं कोणापाशी आहेत?"

पाळकसाहेब म्हणाले, "आज खोली बंद ठेवली, आई."

तेव्हा तुम्ही घेतलंत. बाहेर जिन्यात सुलोचनाबाई डोळे टिपत म्हणाल्या, "किती समाधानाने घेतलं हो!" मी चहाचे कप गोळा करत होते. एक कप त्यांच्या अंगावर ओतला असता, पण कपात चहा उरला नव्हता.

तुम्ही गेलात आणि खोलीची चावी माझ्याकडे आली. कुणी विचारलं नाही. सासूच्या पाटल्या सुनेला, तशी सासूची खोलीही. पोरांचं मला काही वाटत नाही, आई. पोरं गुणी आहेत. पण पहिला रविवार आला की मी तुमच्यासारखीच दारात उभी राहायची आणि विचारायची. सगळे तुमच्याकडे बघून हसायचे तसेच माझ्याकडे बघून हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही.

या महिन्यात मी विचारलंच नाही.

स्पीकरवर भाकरीची प्रार्थना सुरू झाली. मी रांगत्या शमूला चादरीने पाठीशी बांधलं, झोळीतल्या दोघांना काढलं, एक या काखेत, एक त्या. चालणाऱ्यांना म्हटलं, "पदर धरा रे." आणि निघाले. बाजूच्या दाराने नाही, आई. मोठ्या दाराने, मधल्या वाटेने!

पहिला थांबा डीकनसाहेब. नातू त्यांच्या मांडीवर ठेवला. ते म्हणतात, "हा कोणाचा?"

"तुमचाच," मी म्हटलं. "दर रविवारी त्याच्या समोरनंच पुढे जाता."

दुसरी पोर तिच्या बापाच्या हातात. त्याने ती गायनपुस्तकासारखी धरली, दोन्ही हातांनी, लांब. चालणारी पोरं आपापल्या आयांना बघून धावली. सुलोचनाबाईंच्या नातीने त्यांच्या पांढऱ्या साडीला नाक पुसलं. एकच कालवा! पाळकसाहेब भाकर हातात धरून तसेच उभे. गायनमंडळातून तुमचे चिरंजीव माझ्याकडे असे बघत होते, जणू मी बँक लुटायला आलेय.

शमू तेवढा उरला. त्याची आई हॉस्पिटलात नर्स, रविवारी ड्यूटीवर असते, बाप बोटीवर. शमूला मांडीवर घेऊन मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. भाकरीच्या मेजासमोर, जिथे तुम्ही कधी बसला नाहीत.

ताट आलं. मी भाकरीचा तुकडा घेतला. डोळे मिटले, आणि आई, शमूने तो माझ्या बोटांतून काढून तोंडात घातला! दोन नवे दात, मिटक्या मारत खाल्ला. मागच्या बाकावर कोणी तरी "अगंबाई!" म्हटलं. ताट धरणाऱ्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं, शमूकडे पाहिलं आणि ताट घेऊन सरळ पुढे गेले. मी हात पुढे केला होता. त्यांनी पाहिला होता.

मला पेलाच तेवढा मिळाला.

तुमचे चिरंजीव माझ्या चार पावलं पुढे चालत घरी आले. दार लावल्यावर म्हणाले, "काय गरज होती गं? मंडळीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

मी म्हटलं, "तुमच्या आईने इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, तेव्हा कुणाची सोय बघत होता?"

जेवले नाहीत. मासळी मी संध्याकाळी गरम करून वाढली, टाकायची कशाला? तेव्हा खाली मान घालून जेवले आणि म्हणाले, "आईला आवडलं असतं का हे?" तुम्हीच सांगा. आवडलं असतं का?

मंगळवारी कमिटी बसली, मलाही बोलावलं. मला वाटलं, पोरं सांभाळायच्या पाळीवर बोलतील. नाही! विषय काय, तर शमूने भाकर खाल्ली. बाप्तिस्मा झालेला आहे, पण भाकर घेण्याआधी व्हायला हवं ते दृढीकरण नाही, मग हे पाप कोणाच्या माथी? दोन तास त्यावर! दोन दातांच्या पोरावर एवढी विद्वान माणसं! मी उभी राहून विचारलं, "आणि आईंना भाकर दिली नाही, ते कोणाच्या माथी?"

सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. मग सुलोचनाबाई म्हणाल्या, "अगं, त्यांनी कधी तक्रार केली का? उलट आपण त्यांचा एक छानसा फोटो लावू."

तो हा फोटो.

कळलं ना आता? पाळी नको, पोर नको, वास नको. फोटोला लंगोट बदलावा लागत नाही. खाली दोन गोड ओळी टाकल्या की झालं यांचं ऋण फिटलं!

आणि तुम्ही? एकदाही का नाही आलात त्या मधल्या वाटेने? तुमच्या हातात तर माझ्यापेक्षा जास्त पोरं मावायची. त्या दारात उभ्या राहून काय वाटायचं तुम्हाला, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. गायन सुरू झालं की तुम्ही शमूएवढ्या कुणाला तरी थोपटत त्याच चालीवर गुणगुणायचात, एवढं मी पाहिलंय. देवाला ते पोचलं असेल. माझी खात्री आहे. पण देवाच्या माणसांना नाही पोचलं, त्यांना मी सोडणार नाही.

तर आई, शब्द देते. हा फोटो त्या खोलीत लागणार नाही. जिवंतपणी तिथून सुटका झाली नाही, आता काचेमागे बसून परत तीच पत्र्याची भिंत? तुम्ही आपल्या घरी राहाल, ओट्यासमोर, जिथून मला तुमच्याशी बोलता येईल. सोनेरी चौकट सुलोचनाबाईंना परत.

आणि पुढच्या पहिल्या रविवारी मी एकदाच दारात उभी राहून विचारीन. कोणी आलं तर आलं. नाही आलं, तर झोळ्या सोडीन, पदर पुढे करीन आणि मोठ्या दाराने येईन. मग त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि त्याच्याही पुढच्या. माझी भाकर अजून बाकी आहे. शमू पुन्हा मांडीवर असेल, तर या वेळी आधी त्याचे दोन्ही हात धरीन.

तुमची सून, आणि अजून तरी त्या खोलीचीच,
कुसुम