दोन ठासणीच्या बंदुका

॥ श्री ॥
करंजाडे, पनवेल
१८ जानेवारी २००९

चि. जयदास यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, म्हणजे आज देववतात तेवढे.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात, म्हणून कागद घेतला.

गेल्या रविवारी तू बाबांना सांगितलंस की तिकडे बंदुकीचे सुटे भाग खोक्यात घालून घरपोच मिळतात, तसं एक किट तू मागवलं आहेस, आणि गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुन्या काळची ठासणीची बंदूक तू स्वतः जोडणार आहेस. झालं! तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. बाबांनी भाजीवाल्याला सांगितलं, समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं, आणि मला तर उठता-बसता सांगतात, जशी काही त्या फोनच्या वेळी मी घरात नव्हतेच.

जया, या घरात बंदुकीचा नाद कोणाला होता रे? भातात डुकरं उतरायची तेव्हा बाबांच्या मागे बंदुकीच्या दारूचं शिंग गळ्यात घालून मचाणावर कोण जायचं? आणि बार निघाला की घरी भाताच्या कणगीत कोण लपायचं, तेही एकदा लिही. तुझं कौतुक ऐकून माझ्या पोटात दुखतं. वर्गात मुलांना मत्सर वाईट म्हणून शिकवते आणि घरी येऊन स्वतः जळत बसते.

तुझ्या सत्यवतीला आशीर्वाद सांग. यांचा ट्रेलर न्हावा शेव्याच्या रांगेत अडकलाय, नाहीतर त्यांनीही दोन ओळी लिहिल्या असत्या. ताईवर लोभ ठेव, बंदुकीच्या खालोखाल ठेवलास तरी चालेल.

तुझी,
शशिकलाताई

॥ श्री ॥
पेनसिल्व्हेनिया
१५ फेब्रुवारी २००९

ती. ताईस जयदासचा सा. न. वि. वि.

तू जळतेस हे वाचून फार बरं वाटलं. सत्यवतीला मोठ्याने वाचून दाखवलं. लहानपणापासून तुला माझ्या एकाही गोष्टीचा हेवा वाटला नव्हता, शेवटी मुहूर्त लागला.

खोकं आलं. आत लोखंडी नळी, घोडा आणि चाप असलेली कळ, आणि अक्रोडाच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता. मला वाटलं, चार स्क्रू आवळले की काम झालं. कसलं काय! नळीला मेणबत्तीची काजळी फासायची, दस्त्यात दाबायची, उचलायची, आणि जिथे काळा डाग उमटेल तिथलंच लाकूड खरवडायचं. मग पुन्हा काजळी. असं किती वेळा, ते विचारू नकोस. शेजारचा वॉल्टर, त्याच्या क्लबात सगळे असल्याच बंदुका उडवतात, रोज डोकावतो आणि एवढंच म्हणतो की घाई नको. सत्यवती म्हणते, नवरा गॅरेजात नांदायला गेलाय.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये बाबांना इकडे आणतो. नवी नळी आधी लांबून दोरीने उडवून तपासायची असते, ते मी उरकून ठेवीन. पण खांद्याला लावून पहिला बार काढायचा तो बाबांनीच. त्यांना तसं सांग, आणि सांगताना तोंड वाकडं करू नकोस.

कळावे. रागावलीस तरी लोभात कपात करू नये.

तुझा,
जया

॥ श्री ॥
करंजाडे, पनवेल
२६ एप्रिल २००९

चि. जयदास यास आशीर्वाद.

सांगितलं बाबांना. तोंड वाकडं झालंच, पण त्यांचं लक्ष कुठे होतं? ते छत्री खांद्याला लावून खिडकीतून नेम धरत होते. खाली उभा असलेला रिक्षावाला वर बघून पळाला. शहात्तराव्या वर्षी माणूस इतका हरखतो, आणि तो तुझ्यामुळे हरखतो. इथे त्यांचं पथ्य, गोळ्या, तेल चोळणं सगळं मी बघते. त्याने कधी ते असे हरखले नाहीत.

तेवढंच असतं तर गिळलं असतं. पण परवा यांच्यासमोर बाबा बोलून गेले की घरची जुनी, टिकलीवर उडणारी ठासणीची बंदूक आता जयाच्या नावावर करायची, पोरगा परदेशात का असंना, पोरगा हाय. मी ताटात वाढत होते, तशीच वाढत राहिले. जया, दर दसऱ्याला ती बंदूक मी पुसते, नळीत तेल मी फिरवते, फूल मी वाहते. तिच्या घोड्याची स्प्रिंग किती कडक आहे हे माझ्या अंगठ्याला माहीत आहे. मला बाबांची जमीन नको होती आणि नको आहे. ही एक वस्तू हवी आहे, आणि ती त्यांनी आपण होऊन द्यायला हवी आहे. मागून घेतली तर ती मला नको.

तुला काय, तू नवी घडवतोयस. दुसरी फुकट मिळेल. खा दोन्ही हातांनी.

तरीही लोभ आहे, असं प्रथेप्रमाणे लिहिते.

शशिकलाताई

॥ श्री ॥
पेनसिल्व्हेनिया
२१ जून २००९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिखट लागलं. मीही तिखटच लिहितो.

बाबा बंदूक देत असतील तर मी नाही म्हणणार नाही. का म्हणू? कणगीचं विचारलंस ना, तर ऐक. मी आवाजाला भीत होतो, खरं आहे. पण कणगीत बसून रडायचो ते भीतीने नव्हे. तुम्ही दोघं सकाळी हसत परत यायचात, तुमच्या कपड्यांना जळलेल्या दारूचा वास यायचा, आणि मला काही सांगायचा नाहीत. आई म्हणायची, तुला पुढच्या वर्षी नेतील. ते वर्ष आलंच नाही. अभ्यासाला लागलो, नोकरी लागली, इथवर आलो. मत्सर काय असतो ते तू आता शिकतेस, मी पाचव्या वर्षी शिकलो.

बंदूक तयार झाली. टायरवर बांधून, झाडामागे बसून दोरी ओढली, नळी टिकली. हिचं वागणं आपल्या बंदुकीसारखं नाही. आपल्या घोड्याखाली टिकली फुटली की बार लगेच. इथे गारगोटी पोलादावर घासते, नळीच्या कानाशी वाटीतली दारू डोळ्यासमोर भप्पकन पेटते, आणि मग जरा थांबून आत ढुम्म. ती मधली वेळ फार वाईट. बाकी सगळं छान.

बाबांचं तिकीट पाठवलं आहे. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. लोभ असावा, नसल्यास बाबांबरोबर थोडा पाठवावा.

जया

॥ श्री ॥
करंजाडे, पनवेल
२३ ऑगस्ट २००९

चि. जयदास यास आशीर्वाद.

हे पत्र बाबांच्याच खिशात देते आहे. ते घरात नसणार आणि पुढे निवडणूकही आहे, म्हणून आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. पावती बाबांनी घेतली, पण फडक्यात गुंडाळून तिथवर मीच नेली, कारण त्यांना आता तिचं ओझं झेपत नाही. परत येताना हात रिकामे वाटले.

त्यांना थंडी सोसत नाही. कानाला कापूस लावायला सांगितलास तर ऐकणार नाहीत, सांगून मात्र बघ. सोबत सुकट दिली आहे, सत्यवतीला आवडते.

कणगीचं वाचलं. मला माहीत नव्हतं. म्हणून मी तुझ्यावर जळायची थांबले असं समजू नकोस. तो बार निघेल तेव्हा तू त्यांच्या शेजारी असशील आणि मी सहावीचे पेपर तपासत असेन.

लोभ पाठवला आहे, सुकटीच्या पिशवीत बघ.

शशिकलाताई

॥ श्री ॥
पेनसिल्व्हेनिया
२० सप्टेंबर २००९

ती. ताईस जयदासचा सा. न. वि. वि.

काल बार झाला.

क्लबाच्या मैदानावर वॉल्टर आणि त्याचे सात-आठ म्हातारे मित्र जमले होते. बाबा माझं जाकीट आणि डोक्यावर आपली टोपी घालून गेले. मला जवळ येऊ दिलं नाही. दारू स्वतः ओतली, चिंधीत गोळी बसवली, गज घातला, आणि तो टणकन वर उसळेपर्यंत ठासलं. घरच्या बंदुकीचं ओझं झेपत नाही म्हणतेस, पण ही खांद्याला लागली आणि नळी जराही हलली नाही. चाप ओढला. कानाशी भप्प झालं. मला वाटलं, टिकलीची सवय असलेला माणूस, बार फुकट गेला समजून आता बंदूक खाली घेणार. ते हलले नाहीत. मग ढुम्म झालं आणि कागदाच्या कडेला भोक पडलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मग बाबांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी चाप ओढला, भप्प झालं आणि माझे डोळे मिटले. नेहमीच मिटतात. गोळी कुठे गेली देव जाणे.

बाबा हसले नाहीत. ते त्या म्हाताऱ्यांकडे वळून बोलायला लागले, आणि दुभाषी कोण तर मी! पोराचा हात लय बरा हाय, असलं काम आमचे गावात कोनी केला नाय, असं म्हणाले. ते मी मोठ्या आवाजात इंग्रजीत सांगितलं. पन डोला मिटतो, म्हणाले. तेही सांगितलं. मग तुझी गोष्ट सुरू झाली. माजी शशी दहा वर्सांची व्हती, दारू ओली असली, बार रेंगाळला, तरी तिचा डोला कदी मिटला नाय. तू एका पावसाळ्यात डुकराला कसं अगदी मचाणाखाली येऊ दिलंस आणि मग बाबांच्या खांद्याला हात लावून खूण केलीस, ते सगळं मी माझ्या तोंडाने, माझ्या बंदुकीशेजारी उभा राहून त्यांना सांगितलं. वॉल्टर मध्येच विचारत होता, ती का नाही आली?

शेवटी बाबा म्हणाले की घरची बंदूक शशीचीच, मी उगाच पोराचा नाव घेत व्हतो. ते वाक्य मात्र मी इंग्रजीत केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, बाबांना भूक लागली आहे.

एवढे महिने मी लाकूड खरवडलं आणि बक्षीस तुला. बाबा आता शेजारी घोरताहेत. मी अजून कणगीतच आहे असं वाटतं. अभिनंदन. मनापासून नाही, पण खरं.

लोभ उरला असेल तर असू दे.

जया

॥ श्री ॥
करंजाडे, पनवेल
११ ऑक्टोबर २००९

चि. जयदास यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, आज हात न आखडता.

पत्र वाचलं आणि स्टाफरूममध्ये एकटीच रडले. यांना दोनदा वाचून दाखवलं. बाबांना बक्षीस वगैरे कळत नाही, ते बघितलं तेच बोलतात. डोळे मिटतात हे तू लपवलं नाहीस, लिहिलंस, याचं मला कौतुक आहे.

मग हौसेने पोलीस ठाण्यात गेले, नाव बदलायला काय लागतं ते विचारायला. तिथला हवालदार सज्जन होता. त्याने लायसन बघून विचारलं की मॅडम, यात पीक राखणीसाठी असं लिहिलंय, पीक कुठलं राखता? आपलं मचाण होतं तिथे आता सात मजली इमारतीचं पार्किंग आहे. नाव होईल, खटपट करून होईल म्हणाला, पण बार काढायला जागा नाही, काढला तर त्यालाच मला पकडायला यावं लागेल.

म्हणजे बघ, बंदूक मला आली आणि बार तुला गेला. बाबांनी वाटणी केली, त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मला हवं होतं ते मिळालं, जया, आणि मी अजूनही तुझ्यावर जळते. त्यांनी बंदूक माझी म्हटली ते ऐकायलासुद्धा तूच होतास.

तुझ्यावरचा लोभ आणि राग दोन्ही शाबूत आहेत.

तुझी,
ताई

ता. क. बाबा निघण्याआधी एकदा त्यांना पुन्हा त्या मैदानावर ने. मला फोन लाव आणि जवळच्या टेबलावर ठेवून दे. कोणी काही बोलू नका. मी आधी भप्प ऐकेन, मग थांबेन.