तुझ्या गावचा दर

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. जावईबापू आता उशीला टेकून बसतात हे वाचून बरं वाटलं. फोन त्यांच्या उशाशी असतो आणि त्यांच्यासमोर मोकळं बोलता येत नाही, म्हणून पत्रच लिहीत जाऊ, हे तुझं म्हणणं मला एकदम मान्य. शिवाय पत्रात तू जास्त बोलतेस. लहानपणी एवढी बोलली असतीस, तर ही मुकी तर नाही ना म्हणून तुझी आई तुला घेऊन डॉक्टरकडे धावली नसती.

बातमी अशी, की येत्या शनिवारी तुमच्या गावच्या मोठ्या हॉलवर लग्न आहे आणि केक आपल्या दुकानातून जातोय. तीन मजली आहे. मजले सुटेच नेणार, प्रत्येकाचा खोका वेगळा, खाली रबराची मॅट, म्हणजे घाटातल्या वळणांवर घसरायला नको. तिथे पोचलो की खालच्या मजल्यात काड्या रोवायच्या, वरचे चढवायचे, सांध्यांवरून क्रीम फिरवायचं, की मी मोकळा. संध्याकाळी तुझ्या दारात. जेवायला विशेष काही करू नकोस. केलंस तर खाईन.

तुझा धाकटा भाऊ सध्या हिशेबनीस झाला आहे. केक पोचवण्याचे पैसे कमी लावता म्हणून माझ्या मानगुटीवर बसलेला असतो. परवा एका वधूपित्याला मी जाण्यायेण्याचं डिझेल सांगितलं, तर तो म्हणाला की जाण्याचं देतो, पण येताना गाडीत माझा केक असणार आहे का? मला हसू आलं. धाकट्याला नाही आलं.

वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद कायमचेच,
बाबा


१३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. पलंगाचा जो पाय तुम्ही ठोकून बसवलात तो आता हलत नाही. हे तुमच्याबद्दलच बोलत असतात. त्या वधूपित्याची नक्कल तुम्ही करून दाखवलीत, ती ते आता डॉक्टरांना करून दाखवतात. डॉक्टर बिचारे हसतात.

बाबा, एक विचारायचं राहिलं. हॉल सांभाळणाऱ्या बाई मला कामावर, हॉस्पिटलच्या लाँड्रीत भेटल्या. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा केक आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीपेक्षाही स्वस्त पडतो, म्हणून तर सगळे तिकडून मागवतात. भुवया उंचावून म्हणाल्या. हे कसं काय हो जमतं? डिझेल तर सगळ्यांना सारखंच महाग. की तुमची गाडी हवेवर चालते?

तब्येत जपा. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
ठकू


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू बाबांना दराबद्दल विचारलंस, ते पत्र वाचून त्यांनी खिशात घातलं आणि भट्टीकडे गेले. ते उत्तर देणार नाहीत, म्हणून मी देतो.

बाकी सगळ्या गावांना बाबा अंतरावर पैसे लावतात. कमी लावतात, पण लावतात. तुझ्या गावाला पोचवणं फुकट. मी शेजारी उभा असताना ते फोनवर म्हणाले, तिकडे आमची गाडी तशीही जातच असते. ताई, आपली गाडी तशी कुठेच जात नाही. एका केकपायी अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस भट्टी थंड, कारण मी एकटा साधी बिस्किटं जाळून ठेवतो हे तुला ठाऊक आहे. डिझेल, टोल, केकसाठी सतत चालू ठेवलेला एसी, आणि येताना गाडी रिकामी. केकवर जे सुटतं त्याहून जास्त रस्त्यावर सांडतं. तुमच्याकडे जितके केक विकू तितके आपण खाली जातो. मदतनीस बाईंना आपण आधीच येऊ नका म्हणून सांगितलं आहे. दुकानाचं भाडंही थकलंय. घरमालक उन्हाळा संपेपर्यंत थांबेन म्हणतो.

त्यांना तुला भेटायचं असतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, मग सरळ बसने जा. तर म्हणाले, धंदा टाकून चैन करत हिंडू का? केक बरोबर असला की ते काम होतं, नसला की चैन होते. त्यांच्या डोक्यात हे असं आहे. माझ्या बोलण्याला ते भीक घालत नाहीत. तुझं ऐकतील.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, एवढं तरी समजून घे.

तुझा,
धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी लाँड्रीच्या मागच्या जिन्यात उभ्याने वाचलं. इतका राग आला की चादरींचा एक अख्खा ढीग ओला तसाच इस्त्रीकडे ढकलला. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

माझं एकुलतं येणारं माणूस मीच बंद करावं, असं तू मला सांगतोयस. हे बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून आमच्या घराचा जिना कोण चढतं? डॉक्टर, विजेचं मीटर बघणारा आणि बाबा. ह्यांचे मित्र आधी फोन करायचे, आता तेही नाही. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या काकू अधूनमधून डोकावतात, त्याचे उपकार मी रोज फेडते.

आणि बाबा येतात तेव्हा मी काय करते माहीत आहे? झोपते. ते ह्यांच्याजवळ बसतात आणि मी आतल्या खोलीत दार लावून मेल्यासारखी झोपते. जाग येते तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असतात आणि बाबा बूट घालत असतात. आमचं काय बोलणं होतं ते दारातच. तेवढंच मला मिळतं, आणि ते महाग आहे असं तू मला कळवलंस.

तरी मी हॉलच्या बाईंना सहज म्हणून विचारलं, की पोचवण्याचे निम्मे पैसे लावले तर? त्या म्हणाल्या, मग कोपऱ्यावरचाच केक परवडतो. म्हणजे अधलामधला रस्ता नाही. तुझं बरोबर आहे आणि मला ते सोसत नाही. आत्ताच मी बाबांना काही लिहिणार नाही. तूही तोंड बंद ठेव.

रागावले आहे, पण लोभ तुटलेला नाही.

ताई


१८ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुला खरं वाटणार नाही, पण परवा संध्याकाळी मी तुमच्याच गावात होतो.

केक चार मजली होता. घाट चढताना गाडीचा एसी बंद पडला. ऊन तर तुला माहीतच आहे. एका झाडाखाली गाडी लावली, दारं उघडली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. येणारेजाणारे बघत होते, की हा म्हातारा खोक्यांना वारा का घालतोय. खालचा मजला तगला. त्याच्या वरचा एका अंगाने बसला आणि खोक्याला चिकटला. हॉलवर पोचल्यावर जवळ होतं तेवढं क्रीम भरलं, खड्ड्यात फुलं खोवली आणि ती बाजू भिंतीकडे केली. सगळं निभावलं असतं. पण फोटो काढणाऱ्याला उजेड हवा होता, त्याने टेबलच फिरवलं. नवरीच्या आईने मला बाजूला बोलावून घेतलं. ओरडली नाही. निम्म्याहून कमी पैसे हातावर ठेवले आणि म्हणाली, तुम्हीच सांगा, मी अजून किती देऊ? मी म्हटलं, एवढे पुरेत.

तुझ्याकडे आलो नाही, कारण शर्टाला कोपरापर्यंत क्रीम होतं आणि तोंडावर जे काही होतं ते पुसता येण्यासारखं नव्हतं. जावईबापूंसमोर त्या अवतारात कसा बसू? तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली होती. गॅलरीत तुझी लाँड्रीतली निळी साडी वाळत होती. मग वाटलं, गाडी धुवायला हवी, नाहीतर मुंग्या लागतील. निघालो.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. एप्रिलमध्ये तुमच्याकडचंच पाच मजलीचं काम आलंय. चांगली माणसं आहेत. त्यांच्याकडून पोचवण्याचं काय घ्यायचं!

आशीर्वाद,
बाबा


२४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र वाचलं. पुन्हा वाचायचं धैर्य होत नाही.

बाबा, आमच्या गावाचा पूर्ण दर लावा. जाण्याचा लावा, येण्याचा लावा, एसीचा लावा आणि तुमच्या दिवसभराच्या मेहनतीचाही लावा. धाकट्याने मला सगळं कळवलं आहे, त्याच्यावर डाफरू नका. तो आठवडाभर तरी चरफडल्याशिवाय असलं लिहिणार नाही.

पूर्ण दर लावलात की इथून कुणी तुमचा केक मागवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी लावा. माझ्यापायी तुम्ही दुकान घालवताय आणि मी इथे तुमच्या जिवावर झोपा काढते. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलात. असं तुम्हाला परत जावं लागू नये, म्हणून सांगते आहे.

तुम्ही बसने या. हातात काही नको. मी तेव्हा झोपणार नाही, बसून बोलेन.

माझ्यावर रागावू नका.

तुमची,
ठकू


२ एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

दर लावला.

पाच मजलीवाल्या बाई आकडा ऐकून म्हणाल्या, विचारून सांगते. काम कोपऱ्यावरच्या बेकरीला गेलं असं कळलं. त्यांचं लोणी काही खास नसतं, पण त्यांना नुसता रस्ता ओलांडायचा आहे.

धाकट्याला मी एका शब्दाने बोललो नाही. तोच माझ्याशी फार गोड वागतोय. काल चहा करून आणला. साखर विसरला होता, मी प्यालो.

हंगाम संपला की बसने येतो.

बाबा


३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान काल रिकामं करून दिलं. तुला फोनवर सांगावं असं वाटलं होतं, पण तिथे भाऊजी असतात, आणि मला नीट बोलता आलं असतं असंही नाही.

तुझ्या गावच्या फेऱ्या वाचल्या, त्याने काही वाचलं नाही. उलट तुझं पत्र आल्यावर बाबांनी सगळ्याच गावांना पूर्ण दर लावायला सुरुवात केली. म्हणाले, पोरीच्या गावाला लावला तर इतरांना का सोडू? जवळच्यांनीही मग एकेक करून मागवणं सोडलं. गल्लीतल्या वाढदिवसांवर दुकान चालत नाही. पूर्ण दर लावा हे मीच वर्षभर सांगत होतो. माझा हिशेब चुकलेला नव्हता. त्या दराने लोक केक घेतच नाहीत, एवढंच मी धरलं नव्हतं.

भट्टी भंगाराच्या भावाने गेली. गाडी एका फुलवाल्याने नेली. तो किल्ली मागत होता तेव्हा बाबा त्याला क्लच कसा दाबायचा ते समजावत बसले. मला पावाच्या कारखान्यात पॅकिंगला घेतलं आहे, पाळीपाळीने काम.

बाबा पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतो म्हणतात. हे ते दर आठवड्याला म्हणतात. मी तिकीट काढून आणलं, ते परत करून आले. तू त्यांना कधी येता असं विचारू नकोस. विचारलं की जेवत नाहीत.

तुझी क्षमा मागू की मागू नको, कळत नाही.

धाकटा


१९ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

परवा मी निघालो होतो. धाकटा कामावर गेल्यावर निघालो, तुलाही कळवलं नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. घाट लागला तसा ड्रायव्हर वळणं अशी मारायला लागला की माझा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, मळमळतंय का. नाही म्हटलं.

वरच्या थांब्यावर बस चहाला थांबली. मी उतरलो, चहा घेतला आणि बाकावर बसून राहिलो.

तुला सांगितलं होतं की नाही आठवत नाही. मागच्या वर्षी तू झोपलेली असताना मी जावईबापूंना म्हणालो होतो, की चालायला लागलात की आमच्याकडे या, दुकानात गल्ल्यावर बसा, वरची खोली रिकामीच आहे, ठकूलाही लाँड्रीत राबायला नको. त्यानंतर मी येईन तेव्हा ते मला पाय किती उचलता येतो ते करून दाखवायचे. मी वाहवा करायचो. फेब्रुवारीत आलो तेव्हा विचारत होते, गल्ल्याजवळ खुर्ची आहे की स्टूल. मी म्हटलं, खुर्ची आणू. तेव्हाच घरमालकाने दिलेल्या मुदतीचा कागद माझ्या खिशात होता.

आता जाऊन त्यांच्यासमोर बसायचं. ते पाय उचलून दाखवणार. मी काय करू?

कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी हात केला, जा म्हणून. खाली येणारी बस धरली आणि धाकटा यायच्या आत घरी पोचलो.

दुकान गेल्याचं त्यांना तू सांगितलं नसशील, असं मला वाटतं. सांगायचं की नाही ते तूच ठरव. माझ्याच्याने होणार नाही.

तू बसून बोलेन म्हणाली होतीस. झोपत जा. शेजारच्या काकूंना तासभर बसायला सांग आणि झोपत जा.

लोभ होता तेवढाच आहे. माझी वाट बघू नकोस.

बाबा