देव अजून गावात

१४ एप्रिल

आडगाव नाक्यामागच्या वस्तीची पाहणी संपली. एक्केचाळीस घरं. पाय सुजलेत. सगळे नांदगावकडचे — विहिरी तीन वर्षं कोरड्या, म्हणून आलेले. फॉर्मवरच्या 'गावी परत जाणार का?' या रकान्यात एक्केचाळीस वेळा 'हो'. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं.

१६ एप्रिल

साहेब खूश. "सगळे जाणारेच! मग नळ नि पक्क्या खोल्या कशाला? टँकर पुरे."

तो रकाना यासाठी होता! मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फॉर्ममध्ये दुरुस्ती तीस तारखेपर्यंतच करता येते.

१७ एप्रिल

सगळे फॉर्म पुन्हा चाळले; सगळीकडे माझंच अक्षर.

१९ एप्रिल

पुन्हा वस्तीत. लंकाबाई तिथल्या सगळ्यांत मोठ्या. उत्तर बदलता येईल, म्हटलं. त्या भाकरी थापत राहिल्या. "माझे देव गावात हायेत. देव्हाऱ्यात देव असताना 'जाणार नाय' म्हणू? जीभ झडंल माझी."

"पण आजी, नळ मिळणार नाही."

"मग तूच लिव की 'नाय'. मी कुठं बघायला येते?"

"तुम्ही म्हटल्याशिवाय कसं लिहू?"

"लय शिकलीस गं बाई!"

शेजारचा बारकू हसला. "आजी म्हणतील तेच आमचं, ताई."

२१ एप्रिल

फॉर्म पुढ्यात. एक अक्षर खोडायचं फक्त. कोण बघतंय?

घरात लिहिता येणारी मी पहिली. माझे वडील, अण्णा, एकदा शाईने निळा झालेला अंगठा दाखवून म्हणाले होते — "वर काय लिहिलेलं असायचं ते मला कधीच कळलं नाही. तू कोणाचं तसं करू नको."

नाही खोडलं.

२५ एप्रिल

लंकाबाईंच्या झोपडीला कुलूप. बारकू म्हणाला, "गावाला गेल्या." म्हणजे 'हो' खरंच होतं. हायसं वाटलं! मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. टँकर आज आलाच नव्हता.

२९ एप्रिल

सकाळीच लंकाबाई ऑफिसात. एसटीच्या धुळीने केस पांढरे. मागे दारात बारकू, सगळी वस्ती. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक एकेक करून माझ्या टेबलावर मांडले. खंडोबा. भवानी. एक पार झिजलेला — "हे सासऱ्याचे आजे असतील, काय की."

"आणले बाई. आता तिथं दिवा लावायला कोणी नाय. लिव."

मी 'हो' खोडलं. 'नाही' लिहिलं.

"वाच," म्हणाल्या.

मला वाचवेना.