हार घातलेली मोटारसायकल

अहो गजेंद्रचे बाबा,

यंदा पोळ्याले दारात बैल नोयता, म्हणून म्या तुमच्या मोटारसायकललेच हार घातला. लाथ मारल्याशिवाय हालत नोयती, तुमच्यावानीच. शेजारच्या पंजाबरावाचा बैल तो हार खायाले आला अन् गाडी आडवी पाडली. हँडल वाकलं, पुढचा लाइट फुटला.

गजेंद्र म्हणे, "आई, दुरुस्त करून इकून टाकू." म्या मिस्त्रीले हळूच म्हटलं, "भाऊ, हँडल जरा वाकडंच ठेव ना, गिऱ्हाईक पळालं पाह्यजे." तो हसला, अन् पार सरळ करून देल्लं.

काल गाडी गेली. तुम्ही वारल्यापासून रोज तिले पुसता पुसता मी तुमालेच टोमणे मारत होती. आज अंगण झाडलं, पण तोंडातून शब्द नाही निघाला.

तुमची कटकट,
जयमाला