न वाचता केलेल्या सहीबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : वाचक क्रमांक ४१२ हिचे सभासदत्व पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयातील संमतिपत्र, दि. २ जून.

महोदय,

१. अर्जदार ही वाचक क्रमांक ४१२ हिची आई. वय एकाहत्तर. उभा जन्म शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करण्यात गेला. अक्षरे साठीनंतर आली, तीही आपल्याच वाचनालयात, या मुलीकडून. मुलगी एक्केचाळीस वर्षांची आहे. ती फारशी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, वाचताना मागेपुढे डुलते. डॉक्टर याला स्वमग्नता म्हणतात. शेजारी काय म्हणतात ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

२. एकोणीस वर्षे ती रोज साडेदहाला येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. कुणी कोशाचा चौथा खंड दुसऱ्याच्या जागी खुपसला तर उठून नीट लावी. निवृत्त ग्रंथपालांनी तिचा स्वभाव ओळखला होता. बंद करण्याआधी ते टेबलावर दोन बोटे वाजवून सांगत, "ताई, पाच मिनिटं." ती पान संपवून उठे. एवढेच लागत होते.

३. एक जूनला त्या खुर्चीच्या डोक्यावर बसवलेली, वाचनालय बंद होण्याची विजेची घंटा पहिल्यांदा वाजली. मुलगी कान दाबून टेबलाखाली शिरली व ओरडू लागली. शिपाईदादांनी तिला दंडाला धरून ओढले. अचानक धरले की तिला चटका बसल्यासारखे होते. तिचा हात लागून त्यांचा चष्मा फुटला. अर्जदार हिने त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "मावशी, मला कुणी सांगितलंच नव्हतं." ते खरे आहे.

४. दुसऱ्या दिवशी लिपिकांनी एक कागद पुढे केला. वाचून दाखवू का, असेही विचारले. त्यांचा दोष नाही. अर्जदार हिने ताठ मानेने सांगितले की मला वाचता येते. मागे रांग होती. बोट ठेवून 'वाचक क्रमांक ४१२ यांच्याबाबत' एवढी ओळ लागली आणि सही केली. घरी प्रत पुरी वाचायला दुपार गेली. शेवटी लिहिले होते, 'पालकांच्या इच्छेने सभासदत्व रद्द'. अशी इच्छा अर्जदार हिची कधीच नव्हती.

५. मुलगी अजूनही साडेदहाला येते आणि पायरीवर उभी राहते. दार सताड उघडे असते, पण कार्डाशिवाय आत जायचे नाही हा आपला नियम तिने मोडलेला नाही. येता-जाता आपणही तिला पाहिले असेल. विनंती इतकीच, की ती सही रद्द धरावी, घंटेआधी कुणीतरी टेबलावर दोन बोटे वाजवावीत, आणि न सांगता तिला हात लावू नये.

६. अर्जदार हिचे लिखाण एरवी मुलगी तपासते. एक काना सोडत नाही. हा अर्ज तिला दाखवलेला नाही. सही आईची होती, हे तिला ठाऊक नाही. म्हणून काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
नम्र,
(सही)
वाचक क्रमांक ४१२ हिची आई
दि. १९ जून

सोबत : संमतिपत्राची प्रत.

ता. क. उत्तर कृपया शिंप्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवावे. घरचे टपाल मुलगीच उघडून वाचते.